बिनगाडीचा डाला

या, असे पुढं सरका. दाराशी बसलेल्यांनीही आत या; उंबऱ्यावर बसलं की अर्धी गोष्ट कानात जाते आणि अर्धी वाऱ्यावर. आज रामकृष्णांची कथा लावत नाही. आज सांगतो ती भनपुरीतल्या एका मिस्त्रीची, आणि एका ड्रायव्हरची. गोष्ट गोड नाही, आधीच सांगून ठेवतो. पण माणसं चांगली आहेत, तेव्हा शेवटपर्यंत बसा.

मिस्त्रीचं नाव शालिग्राम ढोमणे. आजा तुमसरहून रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत सुतार म्हणून रायपूरला आला. बापानं रेल्वे सोडली आणि ट्रकचे डाले बांधायला घेतले. डाला म्हणजे ट्रकची पाठ, माल भरतात ती. कंपनीतून गाडी येते ती नुसती चॅसिस: तोंड, इंजिन, चाकं, आणि मागे दोन लांब लोखंडी पाट्या. तिच्यावर साल झाडाच्या लाकडाचा आणि लोखंडाचा डाला चढला की मगच ती कमवायला लागते. भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट रस्त्यामागे भाड्याची जागा, तीन बाजूंनी पत्रा, एका बाजूनं उघडी, त्या जागेवर शालिग्रामनं तीस वर्षं हेच केलं.

बाप मरताना शेती-वाडी काही ठेवून गेला नाही, एक रीत ठेवून गेला. ड्रायव्हर माणूस पहिल्यांदा मालक होत असेल तर त्याच्याकडून बयाणा घ्यायचा नाही. सुपारी घ्यायची आणि एकशे एक रुपये घ्यायचे, बस. बाकीचा हिशेब गाडीच्या पहिल्या तीन खेपा झाल्यावर. आणि त्याची चॅसिस दारात यायच्या आधी डाला तयार उभा असला पाहिजे. दुसऱ्याची गाडी हाकण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याची स्वतःची गाडी एक रात्रसुद्धा उघड्या पाठीनं राहता कामा नये. शालिग्रामनं ही रीत अकरा ड्रायव्हरांसाठी पाळली होती. एकानंही बुडवलं नव्हतं.

बारावा धर्मपाल.

दोन हजार बावीसची अक्ती होती, म्हणजे अक्षय तृतीया. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पोरी मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावून राहिल्या होत्या. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर कातडी चिकटावी. धर्मपाल आला तो नवा शर्ट घालून. सव्वीस वर्षं विशाखापट्टणच्या रस्त्यावर दुसऱ्यांच्या गाड्या हाकलेला माणूस. खिडकीबाहेर ठेवलेला हात उन्हानं काळा होतो म्हणतात, तसा ह्याचा उजवा दंड कोळशासारखा, डावा गव्हाळ.

"मिस्त्री, पास झालं!"

"काय पास झालं? पोट्टीचा पेपर का तुहा लोन?" शालिग्रामनं रंधा न थांबवता विचारलं.

"लोन. हे पाहा पत्र. शिक्का पाहा."

पत्र इंग्रजीत होतं. शालिग्रामनं हात पॅंटला पुसले, पत्र दोन्ही हातांनी धरलं आणि शिक्का पाहिला. शिक्का गोल होता, निळा होता. आणखी काय पाहायचं असतं?

कोपऱ्यात गोदू डब्यातला प्रायमर काडीनं ढवळत बसली होती. चाळिशीची बाई, नवरा नाही, शालिग्रामकडे बारा वर्षं रंगकाम करत होती. ती म्हणाली, "धरमपालभाऊ, आता मालक झाले तं आमाले ओळखसान का नाई?"

"तुले काहून नाई ओळखनार? माह्या गाडीले रंग तूच लावशीन."

"फुकट नाई लावत."

"अन् मी फुकट मागत नाई."

सुपारी दिली, एकशे एक रुपये दिले. शालिग्रामनं सालाच्या पहिल्या ओंडक्यावर हळदकुंकू टाकलं, करवत लावली आणि पहिली आडवी तुळई कापली. चॅसिस वीस-पंचवीस दिवसांत येणार होती. माप ठरलेलं: बावीस फूट. ह्या मापाची दहा गाड्यांची पाठ त्यानं बांधली होती, चॅसिस समोर नसली तरी हात चुकणार नव्हता.

लाकूड आलं निरंजनशेठच्या टालीवरून, म्हणजे वखारीतून, उधार. निरंजनशेठचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरातलं. बोलणं मऊ, हिशेब पक्का. "शालिग्राम, तुझ्या शब्दावर गाडी भरून पाठवतो," ते म्हणाले. सव्वा लाखाचं लाकूड आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शालिग्राम घरी पाय धूत होता. बायको सत्यभामा वांगी चिरत होती. मुलगी श्रावणी, बी.कॉमच्या शेवटच्या वर्षाला, मोबाइल घेऊन बाजेवर बसली होती. ती मराठी समजते, उत्तर हिंदीत देते.

"पापा, रिझर्व्ह बैंक ने रेट बढ़ा दिया. बिना बताए, आज दोपहर को."

"कशाचा रेट?"

"ब्याज का. बैंकों को जिस रेट पे पैसा मिलता है, वो."

"मंग बँकांचं बँका पाहून घेतीन."

"ऐसे थोड़ी होता है. बैंकों का बढ़ा तो वो हमारा बढ़ाएँगे. लोन महँगा होगा."

सत्यभामेनं विळीवरून मान वर केली. "तेल दोनशेवर गेलं, ग्यास हजारावर गेला. अन् वरून व्याज वाढवतेत? ह्यानं काय होनार?"

"मम्मी, महँगाई कम करने के लिए ही बढ़ाते हैं. ब्याज महँगा, तो लोग घर-गाड़ी कम लेंगे. कम लेंगे तो माँग घटेगी. माँग घटेगी तो दाम गिरेंगे."

शालिग्राम तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. पाणी पायावरून ओघळून गेलं होतं.

"म्हंजे तेल स्वस्त व्हावं म्हनून धरमपालनं गाडी घेऊ नये?"

"सिर्फ धर्मपाल अंकल नहीं, पापा. सब."

"सब म्हंजे कोन? ज्या शेठच्या वीस गाड्या हायेत त्यानं यंदा एक कमी घेतली तं त्याचं काय जाते? ह्याची तं पयलीच हाय."

श्रावणीनं खांदे उडवले.  सत्यभामा म्हणाली, "आता डाला सुरू केलाच हाय तं थोडा दम धरा. चॅसिस येऊ द्या."

"पत्र आलं ना त्याचं. शिक्का पाह्यला मी."

"पत्रावर डाला ठेवता येते का?"

शालिग्रामनं तांब्या खाली ठेवला. बायकोनं बरोबर बोलावं आणि नवऱ्यानं ऐकू नये, हे संसारात रोजचंच. पण त्याच्या मनात वेगळंच होतं: अकरा जणांसाठी पाळलेली रीत बाराव्यासाठी मोडायची, तीही त्या माणसानं काही गुन्हा केला नसताना, हे त्याला जमेना.

मग काम लागलं. मे महिन्याचं काम, मंडळी. सकाळी सहाला सुरू करायचं, अकराला थांबायचं, चारला पुन्हा लागायचं. साल लाकूड लोखंडासारखं. ड्रिल दोन बोटं आत गेलं की धूर निघायचा आणि जळक्या लाकडाचा वास नाकात बसायचा. सहा रिकाम्या डांबराच्या ड्रमांवर लोखंडी कैची, म्हणजे आधाराची चौकट, टाकून त्यावर तुळया मांडल्या. प्रत्येक तुळईला चार बोल्ट, प्रत्येक बोल्ट हातानं आवळलेला. शालिग्रामचा उजवा खांदा दोन वर्षांपासून दुखायचा. बोल्टावर जोर दिला की खांद्यात काच फुटल्यासारखं व्हायचं. तो दात आवळायचा आणि पुढचा बोल्ट घ्यायचा. दुपारी सत्यभामा बासी घेऊन यायची, रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, वर कांदा आणि मिरची. तिघं ड्रमच्या सावलीत बसून खायची. गोदू हिरव्या रंगाच्या हातानंच खायची, आणि सत्यभामा म्हणायची, "धुऊन घे वं हात, पोटात रंग जाईन." "जाऊ द्या वहिनी, आतून तरी हिरवी राहीन."

जूनच्या दहा तारखेला डाला उभा झाला. बावीस फूट, बाजूचे पल्ले साखळ्यांवर टांगलेले, हिरवा रंग, पिवळ्या कडा. गोदूनं मागच्या पल्ल्यावर धर्मपालच्या आईचं नाव लिहिलं, सोनाबाई, आणि दोन कमळं काढली.

धर्मपाल आला, डाल्याभोवती एक फेरी मारली. हात लावला नाही. म्हणाला, "मिस्त्री, कंपनीत चॅसिस उशिरा आली. अन् आता पत्राची मुदत संपली म्हनते."

"मंग नवं पत्र दे म्हन."

"देतो म्हनते. पन रेट नवा, अन् वरून भरायचे पैसे जास्त. उद्या चाल माह्यासंग. मले तिथं बोलता येत नाई."

शंकर नगरला फायनान्सचं ऑफिस, पहिल्या मजल्यावर. काचेचं दार ढकलायचं की ओढायचं हे शालिग्रामला कळेना. आतल्या शिपायानं बोट करून दाखवलं. आत थंडी अशी की घामाचा शर्ट पाठीला चिकटून बर्फ झाला. खुर्च्यांवर कापड पांढरं होतं. शालिग्रामच्या पॅंटला रंग होता, म्हणून तो बसला नाही. धर्मपालही मग बसला नाही. दोघं पाऊण तास उभे राहिले, आणि ज्याच्याशी बोलायचं होतं तो साहेब म्हणजे तिशीतला मुलगा, विहंग नावाचा, त्यानं मान वर केली तेव्हा म्हणाला, "अरे, बैठिए ना! खड़े क्यों हैं?" आणि त्या ओशाळवाण्या घाईत दोघं बसले, आणि खुर्चीवर हिरवा डाग पडला. विहंगनं डाग पाहिला. बोलला नाही. न बोलल्यानं जास्त लागलं.

मुलगा वाईट नव्हता. स्क्रीन वळवून दाखवली. "देखिए अंकल, मई में रेट बढ़ा, अभी जून में फिर बढ़ा. हमको ऊपर से महँगा पड़ता है. और नई पॉलिसी आ गई है, पहली गाड़ी वाले ड्राइवर कस्टमर को रिस्की मानते हैं. पहले दस परसेंट भरना था, अब बीस भरना पड़ेगा."

"दहाचे मी भरले होते जमवून," धर्मपाल म्हणाला. "घरवालीचं मंगळसूत्र, पोट्टीच्या नावाचे ठेवलेले."

"वो तो जमा रहेंगे. बस बाकी दस और ले आइए."

"किती दिवसात?"

"जल्दी. अगस्त में फिर बढ़ सकता है."

खाली उतरल्यावर चहाच्या टपरीवर दोघं उभे राहिले. धर्मपाल म्हणाला, "मी गाडीवर क्लिनर नाई ठेवत आता. एकटाच हाकतो. शेठ त्याचे पैसे मले देते म्हनला. दोन महिन्यात जमवतो. डाला कोनाले देऊ नका, मिस्त्री."

"नाई देत," शालिग्राम म्हणाला. हे दोन शब्द. ह्या दोन शब्दांवर पुढचे आठ महिने उभे राहिले.

पाऊस लागला. सत्यभामेनं ताडपत्री आणली, डाल्यावर टाकली, चारी कोपरे विटांनी दाबले. इतर वर्षी ह्या दिवसांत दुरुस्तीची पाच-सहा कामं असायची. यंदा गाडीमालक म्हणू लागले, "मिस्त्री, ठोकठाक करून दे, पल्ला बदलू नको. हप्ता वाढला." कोणी म्हणे सळईच्या कारखान्यानं एक पाळी बंद केली, माल कमी निघतो. कोणी म्हणे घरं बांधणाऱ्यांनी हात आखडता घेतला. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. सगळ्यांचं बोट शेवटी दूर मुंबईतल्या कुठल्याशा बैठकीकडे जाई, जिथं भनपुरीचं नाव कधी निघालं नसेल.

ऑगस्टमध्ये दर वाढला. श्रावणीनं सांगितलं नाही, शालिग्रामनंच विचारलं, "वाढला का?" ती म्हणाली, "हाँ."

त्याच महिन्यात गोदूला नाही म्हणावं लागलं. मंगळवारी सकाळी ती ब्रश घेऊन आली, तर शालिग्राम जागा झाडत होता, जे काम तिचं.

"काहून, मिस्त्री? मी मेली का?"

"गोदू, काम नाई. तुले मी काय देऊ?"

"मले मांगलं का मी?"

"मांगत नाई म्हनूनच सांगून राहिलो. राईस मिलात पोते शिवायले बाया पाहिजेत म्हनते. जा. काम आलं की हाक मारतो."

गोदूनं ब्रश रॉकेलात धुतला, फडक्यात गुंडाळला, पत्र्याच्या खाचेत ठेवला. "हाक माराल तं हळू मारू नका. मिलात लय आवाज राह्यते," एवढं बोलून गेली. सत्यभामा त्या दिवशी दुपारी दोघांचीच बासी घेऊन आली.

श्रावणात पाऱ्यातल्या विठ्ठल मंदिरात कीर्तन असतं. नागपूरहून बुवा येतात, सात दिवस. काय तो आवाज! पेटी सुरू झाली की दाराशी काढलेल्या चपलासुद्धा ताल धरतील. शालिग्राम दरवर्षी झांजा वाजवायला पुढं बसायचा. त्या वर्षी तो चपलांपाशी खांबाआड बसला, कारण पुढच्या रांगेत निरंजनशेठ होते. बुवांनी पूर्वरंगात धीर लावला. धीर म्हणजे काय, तर पेरलेलं उकरून न पाहणं. लोकांनी माना डोलावल्या. शालिग्रामच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भक्तीचं होतं का दुसरं कसलं, हे त्याचं त्यालाही कळलं नसावं.

आरती झाली. तबक फिरत आलं. निरंजनशेठ मागं वळून, सगळ्यांसमोर, अगदी प्रेमानं म्हणाले, "काय शालिग्राम, दिसला नाहीस. डाला हलला का रे?"

चार माणसं वळली. झांजा कोणीतरी दुसराच गुंडाळत होता.

"नाई, शेठ. दिवाळीपर्यंत हलते."

"हलू दे बाबा. मलाही बँकेचं व्याज भरावं लागतं आहे. टालीवरचं कर्ज तीनदा वाढलं. मी कोणाला सांगू?"

ते खरंच होतं. तेच तर वाईट होतं. शिव्या द्याव्या असा माणूस कोणी सापडत नव्हता.

दिवाळी गेली. सप्टेंबरच्या अखेरीस दर वाढला होता, डिसेंबरात पुन्हा वाढला. धर्मपाल आला तो ओळखू येईना. गालाची हाडं वर आलेली, डोळे तांबडे. क्लिनर नसल्यानं घाटात चाकाखाली लाकूड टाकायलाही तोच उतरायचा. डाव्या हाताची दोन बोटं चेंगरून नखं काळी पडली होती.

"जमले," तो म्हणाला. "बीस टक्के जमले. ऑफिसातल्या त्या पोराकडं घेऊन गेलो. तं आता म्हनते हप्ता एवढा बसते की तुह्या कमाईत बसत नाई. एक ग्यारंटर पाहिजे, पक्क्या घरवाला."

तो डाल्याकडे पाहत बोलत होता, मिस्त्रीकडे नाही. शालिग्रामच्या तोंडावर शब्द आला. त्याचं घर होतं, दोन खोल्यांचं, पक्कं.

सत्यभामा डबा घेऊन मागे येऊन उभी होती. ती धर्मपालला म्हणाली, "भाऊजी, तुमी आमचे. पन घर माह्या नावावर हाय, अन् मी सही करनार नाई. माही पोट्टी लग्नाची हाय. तुमाले वाईट वाटलं तं वाटू द्या."

"नाई वहिनी. मी मांगायलेच नाई आलो."

"आले होते," सत्यभामा म्हणाली, आणि रडायला लागली. धर्मपालनं खाली बसून तिचा सांडलेला डबा उचलला.

त्याच आठवड्यात एक गिट्टीचा ठेकेदार आला. त्याच्या जुन्या सहाचाकी गाडीचा डाला सडला होता. त्यानं ताडपत्री उचलून पाहिलं, लाकडावर बोटानं टकटक केलं. "माल चांगला आहे. पण मले सतरा फूट पाहिजे. पाच फूट कापून दे, घेतो. भाव लाकडाचा देईन, मजुरीचा नाही."

"हा विकाऊ नाई."

"सहा महिने झाले उभा आहे म्हणतात."

"असू द्या."

सत्यभामा घरी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली. "तुमच्या बापानं रीत ठेवली, तवा बँका नव्हत्या. शेठकडून पैसा आला की आला. आता पैसा कोनाच्या तरी बोटावर वर-खाली होते, अन् तुमी बापाचं धरून बसले. कोनासाठी उभा ठेवून राहिले तो? त्याच्यासाठी का सोतासाठी?"

शालिग्राम म्हणाला, "मी त्याले नाई देत म्हनलो."

"हाव. म्हनले. अन् त्या म्हनन्यापायी तो मानूस बिनक्लिनरचा घाट उतरून राहिला. तुमी डाला मोडला असता तं त्यानं कवाच सोडून दिलं असतं."

हे त्याला वर्मी लागलं. सहा महिने त्याला वाटत होतं की तो डाला धर्मपालची आशा आहे. तीच आशा धर्मपालला रात्रंदिवस हाकत होती, हे त्याला आजवर दिसलं नव्हतं.

दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत दर शेवटचा वाढला, साडेसहावर जाऊन थांबला. चारवरून निघाला होता. निरंजनशेठनी निरोप पाठवला: पैसे महिनाअखेरपर्यंत. निरोप्याच्या हाती कागद नव्हता, नुसता शब्द होता, आणि त्यात रागही नव्हता.

शालिग्रामनं ठेकेदाराला फोन केला. मग धर्मपालला केला.

"उद्या कापतो," तो म्हणाला. "तुले सांगितल्याबिगर कापनार नवतो."

पलीकडं गाडीचं इंजिन घरघरत होतं. मग ते बंद झालं. "किती वाजता?" धर्मपालनं विचारलं.

सकाळी सातला तो आला. थंडी होती, ड्रमांवर दव होतं. शालिग्रामनं ताडपत्री काढली. आठ महिन्यांत रंग जरा उडाला होता, पण लाकूड ठणठणीत. एक बोल्ट ढिला नव्हता. त्यानं सतरा फुटांवर गुण्या लावला, खडूनं रेघ ओढली, तुळयांमधले बोल्ट काढले. लोखंड गॅसनं कापलं. लाकडासाठी दोन माणसांची मोठी करवत काढली. ती एकट्यानं चालत नाही. दुसऱ्या टोकाला इतकी वर्षं गोदू असायची, आणि गोदू राईस मिलात होती.

शालिग्राम एक मूठ धरून उभा राहिला.

धर्मपालनं दुसरी मूठ धरली.

"तू नको, धरमपाल. मी कोनाले तरी बोलावतो."

"माहीच गाडी हाय ना, मिस्त्री. मीच कापतो."

करवत लागली. तू ओढ, मी सोडतो. मी ओढतो, तू सोड. धर्मपालला येत नव्हतं, तो दाबत होता; पातं अडकायचं. "दाबू नको. नुसतं ओढ. वजन तिचं तिले राहू दे," शालिग्राम म्हणाला. हळूहळू जमलं. भुसा पडू लागला, तांबूस, सालाचा, ओलसर वासाचा. धर्मपालच्या काळ्या नखांच्या बोटांतून रक्त आलं, मुठीला लागलं. शालिग्रामच्या खांद्यातली काच फुटत राहिली. दोघांपैकी कोणीही थांबा म्हणालं नाही. रेघ मागच्या बाजूनं होती, म्हणजे जो पाच फुटांचा तुकडा पडणार होता त्यालाच मागचा पल्ला होता, त्यावर कमळं होती आणि सोनाबाई होती.

नऊ वाजता शेवटची फळी सुटली. तुकडा एका बाजूनं कलला आणि धपकन जमिनीवर बसला. शेजारच्या टायरवाल्यानं डोकं काढून पाहिलं आणि परत आत घातलं.

धर्मपालनं कपाळ पुसलं. "ह्याचं काय करता?"

"घेऊन जा तू."

"कुठं ठेवू? भाड्याची खोली हाय." तो थोडा हसला. "जळन म्हनून द्या वहिनीले. सालाची आच चांगली लागते."

सत्यभामेनं ते लाकूड जाळलं नाही. पण तिच्या अंगणात जागा नव्हती, म्हणून तिनं ते फोडून पाऱ्यातल्या चार घरी वाटलं, नाव असलेला पल्ला सोडून. तो धर्मपालच्या बायकोनं येऊन नेला. भिंतीला टेकवून त्यावर भांडी मांडते म्हणे.

ठेकेदाराचे पैसे टालीवर गेले. उरलेलं देणं फेडायला ड्रिल गेलं, वेल्डिंगची मशीन गेली. मार्चात शालिग्रामनं जागा सोडली. आज तो त्याच रस्त्यावर, दोन जागा सोडून, एका पंचविशीतल्या मालकाकडे रोजीवर जातो. मालक त्याला "ए मिस्त्री" म्हणतो, काका म्हणत नाही. खांदा वर उचलत नाही, म्हणून हलकं काम देतात: बोल्ट निवडणं, खिळे सरळ करणं. गोदूला त्यानं हाक मारली नाही. मारायला काही नव्हतं.

दोन हजार पंचवीसच्या फेब्रुवारीत दर पहिल्यांदा उतरला. मग एप्रिलात उतरला, जूनमध्येही उतरला. महागाई कमी झाली, असं सगळे म्हणाले, आणि ते खोटं नसेल. भनपुरीत नव्या चॅसिस पुन्हा रांगेनं येऊ लागल्या. शालिग्रामनं दुपारच्या सुट्टीत धर्मपालला फोन लावला.

"व्याज उतरलं म्हनते. जाऊन पाहा ना एकदा ऑफिसात."

"गेलो होतो, मिस्त्री."

"मंग?"

"तोच पोरगा होता. आता मोठा साहेब झाला. चांगला बोलला, चहा पाजला. म्हनला, काका, रेट तं बसते आता. पन तुमी एक्कावन झाले. अन् डोळ्याचा कागद आना. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निंगाला."

"मंग ऑपरेशन करून घे."

"करतो. खेप मारून आल्यावर." मागून हॉर्न वाजला. "ठेवतो, मिस्त्री. घाट लागला."

तेवढीच कथा, मंडळी. कोणी कोणाला फसवलं नाही हिच्यात. ज्यानं दर चढवला त्यानं तेल-मिठाच्या भावासाठी चढवला, ज्यानं उतरवला त्यानं वेळ पाहून उतरवला. मधल्या तीन वर्षांत एक माणूस मात्र म्हातारा झाला, आणि वय काही कुठली बैठक पाव टक्का खाली आणत नाही.

आता उठा, प्रसाद घ्या, घरी जा. उद्या-परवा बातम्यांत सांगतील की यावेळी दर आहे तिथंच ठेवला, किंवा जरासा हलवला. ऐका, आणि ऐकताना घडीभर त्या धर्मपालला आठवा. तो विशाखापट्टणच्या घाटात असेल, दुसऱ्याच्या गाडीत, एका डोळ्यानं रस्ता पाहत. त्याच्यासाठी पांडुरंगाला हात जोडा, एवढंच मागणं आहे.